*बोर्डो फवारण्याआधी लिटमस बुडवा*



शिरूर-दौंडच्या डाळिंब बागांत छाटणी झाली की तेल्यासाठी १ टक्का बोर्डोची फवारणी ठरलेलीच. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. प्रमाण सगळ्यांना पाठ आहे. पण नुसत्या वजनावर जाऊ नका.

*का?* चुना प्रत्येक वेळी सारखा नसतो. उघड्या पोत्यात हवेने विरलेला चुना वजनाला भरतो, पण त्याचा जोर कमी झालेला असतो. मग द्रावण आम्लधर्मी राहतं, मोकळं तांबं पानावर जातं आणि कोवळी पानं करपतात. चांगलं-वाईट दोन्ही बोर्डो निळंच दिसतं, डोळ्याला फरक कळत नाही.

*लिटमसला कसं कळतं?* हा रंग दगडफुलाच्या जातकुळीतून काढतात. आम्लात हायड्रोजनचे कण रंगाला चिकटतात, तो लाल होतो. चुन्याच्या पाण्यात ते कण सुटतात, तो निळा होतो. हळदीत चुना घातला की ती लाल होते, तसाच हा प्रकार. पण हळद आम्ल दाखवत नाही, म्हणून इथे कागदच वापरा.

*असं करा:*
१) मोरचूद ५० लिटर पाण्यात वेगळा विरघळवा. भांडं प्लॅस्टिकचं, लोखंडाचं नको.
२) चुना दुसऱ्या ५० लिटरमध्ये विरवून गाळून घ्या.
३) दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या टाकीत ओता, ढवळत राहा.
४) निळा लिटमस बुडवा. *लाल झाला तर फवारू नका.* चुन्याची निवळी थोडी थोडी घाला, ढवळा, नवा कागद बुडवा.
५) निळा कागद निळाच राहिला आणि लाल कागद निळा झाला, की द्रावण तयार.

कागद नसेल तर घासून चकचकीत केलेला विळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर आला तर चुना अजून हवा.

तयार बोर्डो त्याच दिवशी संपवा. त्यात दुसरं औषध मिसळू नका. चुना विरवताना आणि फवारताना चष्मा, हातमोजे घाला.

कागदाचा रंग समजत नसेल तर फवारणी थांबवा, उजेडात फोटो काढून याच नंबरवर पाठवा. एका कागदाला फार पैसे लागत नाहीत, करपलेली पालवी मात्र परत येत नाही.