वसईजवळच्या उमेळे गावातल्या घरात बेगल: आधी उकळा, मग भाजा

वसईकडच्या ख्रिस्ती घरांतले लग्नातले फुगे कोणाला माहीत नाहीत? पूर्वी त्यांचं पीठ ताडीने फुगवत, कारण ताडीत नैसर्गिक यीस्ट असतं. त्याच यीस्टच्या पिठापासून बेगलही होतो! 1610 च्या सुमारास पोलंडमधल्या क्राकूवच्या ज्यू समाजाच्या नियमांत या कडबोळ्यासारख्या गोल पावाचा उल्लेख आहे.

साहित्य (8 बेगल):
• मैदा 500 ग्रॅम
• कोमट पाणी 280 मिली
• इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम
• मीठ 10 ग्रॅम
• साखर 1 मोठा चमचा

कृती:
1. सगळं एकत्र करून 10 मिनिटं मळा. पीठ घट्टच हवं.
2. झाकून दुप्पट होऊ द्या. आपल्या दमट उकाड्यात तासाभरातच फुगतं, म्हणून घड्याळाकडे नाही, पिठाकडे बघा.
3. आठ गोळे करा, मधोमध बोटाने भोक पाडून रुंद करा आणि 15 मिनिटं ठेवा.
4. उकळत्या पाण्यात चमचाभर गूळ घालून प्रत्येक बाजू 1 मिनिट उकळा.
5. वर तीळ लावून 220 अंशांवर 20 ते 25 मिनिटं भाजा.

उकळणं अजिबात टाळू नका. गरम पाण्यात वरच्या थरातलं स्टार्च शिजून घट्ट होतं, त्यामुळे ओव्हनमध्ये बेगल फार फुगत नाही, आतून चिवट राहतो आणि साल चकाकते. ही पायरी गाळली, तर तो नुसता भोकाचा पाव!

या रविवारी करून बघा आणि पहिला बेगल गरमागरम, लोणी लावून खा.