प्रोग्रॅम संपला, पण कसा संपला?

डिसेंबर २०२५ मध्ये 'ध्रुव-६४' जाहीर झाला तेव्हा सगळ्या मथळ्यांत तेच दोन आकडे होते: ६४ बिट आणि १ गिगाहर्ट्झ. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा हा दोन कोअरचा, रिस्क-फाइव्ह प्रकारचा प्रोसेसर. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं होतं. मला मात्र बातमीत कधीच न येणाऱ्या एका छोट्या आकड्याबद्दल लिहायचं आहे. कुठलाही प्रोसेसर सिलिकॉनमध्ये उतरण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये जन्मतो. सिम्युलेटरवर, एम्युलेटरवर त्याच्या अगणित चाचण्या होतात आणि प्रत्येक चाचणीने संपताना बाहेरच्या खऱ्या संगणकाला एक संख्या कळवायची असते. शून्य म्हणजे ठीक. दुसरं काहीही म्हणजे बिघाड. रात्री रिग्रेशन, म्हणजे सगळ्या चाचण्या पुन्हा एकदा, लावून घरी गेलेल्या अभियंत्याचा सकाळचा सगळा विश्वास या एका संख्येवर असतो.

आपल्या लॅपटॉपवर ही संख्या सहज मिळते, कारण मध्ये ऑपरेटिंग सिस्टिम असते. प्रोग्रॅम संपला की ती एक्झिट कोड उचलते आणि ज्याने प्रोग्रॅम सुरू केला त्याच्या हातात देते. एम्युलेटरच्या आतल्या प्रोसेसरवर अनेकदा ऑपरेटिंग सिस्टिमच नसते. मग 'मेन' संपल्यावर जायचं कुठे? प्रोसेसरला संपणं ठाऊक नाही. वीज आहे तोवर तो पुढची सूचना उचलत राहतो. 'माझं झालं, निकाल तीन' अशी सूचना त्याच्या सूचनासंचात नसते. म्हणून आतला प्रोग्रॅम आणि बाहेरचं यजमान यंत्र यांच्यात काहीतरी संकेत ठरवावा लागतो. ज्याने त्याने आपापला ठरवला, आणि तिथेच या विषयाची सगळी गंमत आणि सगळा धोका आहे.

अशा संकेतांवर विसंबणाऱ्या कामाशी पुण्याचं जुनं नातं आहे. रेनेसास कंपनीच्या एसएच आणि एच८ या प्रोसेसर-कुळांसाठी जीएनयू कंपायलर, असेम्ब्लर, लिंकर यांचे तयार संच बांधून ते जगभरच्या अभियंत्यांना फुकट देण्याचं काम हिंजवडीच्या केपीआयटी कमिन्सने केलं. ही कुळं मूळची हिताचीची. सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये एसएच-४ होता, तर १९९८ साली आलेल्या लेगो माइंडस्टॉर्म्सच्या पिवळ्या विटेत एच८. पुढे सीआर१६ या प्रोसेसरसाठी जीसीसीचा, म्हणजे जीएनयू कंपायलरचा, भाग पुण्याच्या याच कंपनीने लिहून दिला. त्या फाइलींच्या माथ्यावर 'केपीआयटी कमिन्स इन्फोसिस्टिम्स'चं नाव आहे. 'मेड इन पुणे' म्हणून गाड्यांची नावं घेताना हे कुणाला आठवत नाही. आठवायला हवं.

असा कंपायलर बरोबर आहे हे कसं कळणार? जीसीसीबरोबर सी भाषेतले हजारो छोटे प्रोग्रॅम येतात. उत्तर बरोबर आलं तर प्रोग्रॅम शून्य देऊन बाहेर पडतो, चुकलं तर 'अबॉर्ट' करतो. एच८ साठी कंपाइल झालेला प्रोग्रॅम टेबलावरच्या इंटेल यंत्रावर चालत नाही, म्हणून तो जीडीबी या डीबगरसोबतच्या एच८ सिम्युलेटरवर चालवायचा. इथे वापरलेली युक्ती मला फार आवडते. एच८ मध्ये 'स्लीप' नावाची सूचना आहे. खऱ्या चिपवर तिचा अर्थ झोप, इंटरप्ट आला की ऊठ. सिम्युलेटर मात्र ती दिसली की थबकतो आणि आर-शून्य रजिस्टर वाचतो. तिथल्या संख्येवरून प्रोग्रॅम रीतसर संपला की सिग्नलने मारला गेला हे ठरवतो, आणि रीतसर संपला असेल तर एक्झिट कोड काढून यजमानाला देतो. नवी सूचना शोधली नाही, नवं हार्डवेअर कल्पिलं नाही. पण यात एक फट आहे. 'स्लीप' वेगळ्याच कारणाने आली आणि त्या क्षणी रजिस्टरमध्ये नेमकी चुकीची संख्या पडलेली असली तर? अशी शंका सिम्युलेटरच्या कोडमध्येच टिपून ठेवलेली आहे. हा प्रामाणिकपणा मला चांगल्या अभियांत्रिकीची खूण वाटतो.

ज्या सिम्युलेटरला एवढंही जमत नाही, त्यांच्यासाठी डेजाग्नू या चाचणी-चौकटीने आणखी साधा मार्ग काढला. चाचणीच्या प्रोग्रॅमला एक छोटं आवरण जोडायचं. ते 'एक्झिट' आणि 'अबॉर्ट'च्या आड येतं आणि बाहेर पडण्याआधी तीन तारे, 'एक्झिट कोड' हे शब्द आणि संख्या अशी एक ओळ छापतं. यजमान ती ओळ वाचतो. म्हणजे निकाल चक्क छापील मजकुरातून येतो. सीरियल केबलवरच्या खऱ्या बोर्डावरही हे चालतं, हा मोठा फायदा.

रिस्क-फाइव्हमध्ये, म्हणजे ध्रुवच्या कुळात, संकेत जास्त विचारपूर्वक बेतला आहे. मूळ चाचणी-संचात 'टूहोस्ट' नावाची स्मृतीतली एक जागा असते आणि स्पाइक हा सिम्युलेटर तिच्यावर नजर ठेवून असतो. तिथे लिहिलेल्या संख्येचा सगळ्यात खालचा बिट १ असला की प्रोग्रॅम संपला. उरलेले बिट म्हणजे कोड. म्हणून १ म्हणजे उत्तीर्ण, आणि सातवी चाचणी फसली तर १५. यातली खरी हुशारी अशी की त्या जागी शून्य राहिलं तर त्याचा अर्थ 'अजून काहीच कळलेलं नाही' असा होतो. यश मिळालं तर तेही तोंडाने सांगावं लागतं.

सगळीकडे एवढी काळजी घेतलेली नाही. आर्मच्या सेमीहोस्टिंगमध्ये, म्हणजे आतल्या प्रोग्रॅमने यजमानाला हाक मारायच्या पद्धतीत, ३२-बिट प्रोसेसरसाठीच्या मूळ 'एक्झिट' हाकेत संपण्याचं कारण सांगता येत होतं, पण कोड द्यायला जागाच नव्हती. त्यासाठी नंतर वेगळी, विस्तारित हाक जोडावी लागली. क्यूएमू या एम्युलेटरमध्ये इंटेल-कुळासाठी जे 'डीबग-एक्झिट' उपकरण आहे, ते मिळालेल्या संख्येची दुप्पट करून त्यात एक मिळवतं. म्हणजे निकाल कायम विषम, शून्य कधीच नाही! आतून शून्य पाठवलं तर बाहेर १ येतो, आणि क्यूएमू स्वतः अडखळलं तरी १ च येतो. म्हणून अनुभवी मंडळी यशासाठी मुद्दाम १६ पाठवतात आणि ३३ ची वाट बघतात.

व्हेरिलॉग ही हार्डवेअर-भाषा लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट वहीत लिहून ठेवावी: '$फिनिश'च्या कंसातला आकडा एक्झिट कोड नाही. सिम्युलेटरने शेवटी किती माहिती छापावी, एवढंच तो सांगतो. तिथे १ लिहून 'मी अपयश कळवलं' असं समजणाऱ्याचा चाचणी-जॉब हिरवाच, म्हणजे उत्तीर्णच, राहू शकतो.

आणि यजमान लिनक्स असेल तर शेवटची अरुंद गल्ली उरतेच. प्रोग्रॅम कितीही मोठी संख्या देवो, वाट पाहणाऱ्या शेलला तिचे खालचे ८ बिट मिळतात. किती चाचण्या फसल्या तो आकडाच एक्झिट कोड म्हणून परत करायची सवय अनेकांना असते. २५५ फसल्या तर कळेल. २५६ फसल्या तर शून्य, म्हणजे सगळं उत्तम.

पुण्याच्या संगणक-इतिहासातला एक जुना अध्यायही याच प्रश्नापाशी येतो. सी-डॅकचा १९९१ चा महासंगणक परम ८००० ट्रान्सप्युटर नावाच्या प्रोसेसरांवर उभा होता. ते प्रोसेसर खरे होते, एम्युलेटरमधले नव्हते. पण ट्रान्सप्युटरवरच्या प्रोग्रॅमला स्वतःचा पडदा, स्वतःची डिस्क नसे. बाहेरच्या जगाशी बोलायला यजमान यंत्र लागे. ट्रान्सप्युटर बनवणाऱ्या इनमॉस कंपनीचा 'आयसर्व्हर' यजमानावर बसून हे बोलणं सांभाळत असे आणि त्याच्या संभाषणात संपण्यासाठी स्वतंत्र आज्ञा होती. यशासाठी ९९९९९९९९९, अपयशासाठी तीच संख्या ऋण. यजमान कुठलाही असो, त्याच्या रीतीप्रमाणे यश-अपयश कळवण्याचं काम सर्व्हरचं. स्मृतीत उरलेल्या कचऱ्यातून चुकून यश उमटेल अशी संख्या ही नव्हे. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हे ज्यांना सुचलं, त्यांच्याकडून आजही शिकण्यासारखं आहे.

माझं मागणं सी-डॅककडे आहे आणि स्वदेशी प्रोसेसर बनवणाऱ्या सगळ्यांकडे आहे. गिगाहर्ट्झच्या शेजारी चाचण्यांचा अहवालही जाहीर करा: कोणता संच, कोणता सिम्युलेटर, किती उत्तीर्ण, किती फसल्या. आणि किती चाचण्या काहीही न सांगता वेळ संपल्यामुळे मारल्या गेल्या, तो रकाना वेगळा ठेवा. लिनक्सची 'टाइमआउट' आज्ञा अशा वेळी १२४ देते. ती संख्या 'फसली'मध्ये मिसळली की प्रोसेसर कुठे अडकतो हे शोधायची वाट बुजते.

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना हे शिकवायला पैसे लागत नाहीत. स्पाइक आणि क्यूएमू दोन्ही फुकट आहेत. क्यूएमूच्या रिस्क-फाइव्ह 'व्हर्ट' यंत्रात हेक्झ १००००० या पत्त्यावर हेक्झ ५५५५ लिहिलं की यंत्र शून्य देऊन बंद होतं. ३३३३ लिहून वरच्या १६ बिटांत कोड ठेवला की तो कोड बाहेर येतो. विद्यार्थ्यांनी तीन प्रोग्रॅम लिहावेत: एक यशस्वी होणारा, एक मुद्दाम ३ देणारा, एक कधीच न संपणारा. आपली चाचणी-स्क्रिप्ट तिघांना तीन वेगळी उत्तरं देते का ते आधी तपासावं, आणि मगच तिच्या हाती प्रोसेसर द्यावा.