बेनेडेक: हरला आणि गप्पही राहिला

आज लुडविग फॉन बेनेडेक. जन्म १८०४, हंगेरीतला. ऑस्ट्रियाच्या सैन्यात, इटलीमध्ये तो रादेत्स्कीचा चीफ ऑफ स्टाफ होता. म्हणजे नकाशे, रसद, हुकूम हे सगळं बघणारा माणूस. १८५९ ला ऑस्ट्रिया सोल्फेरिनोला हरला, पण सान मार्टिनोला याचे सैनिक टिच्चून लढले. झाला की हिरो!

१८६६ ला प्रशियाशी युद्ध. बेनेडेक म्हणत होता, मला इटली माहितीये, बोहेमिया नाही. तरी उत्तरेची फौज त्याच्याच गळ्यात. १ जुलैला त्याने सम्राटाला तार केली: काहीही करून तह करा. ऐकलं नाही. ३ जुलैला क्योनिगग्रेट्सला मोल्टकेने हरवलं. प्रशियाची रायफल पडल्यापडल्या भरता यायची. ऑस्ट्रियाची नळीच्या तोंडातून, उभं राहून.

खरी गोष्ट पुढेच आहे. चौकशी थांबवली, त्याच्याकडून गप्प राहायचं वचन घेतलं आणि मग सरकारी पेपरात खापर त्याच्यावरच! त्याने वचन पाळलं. १८८१ ला ग्रात्समध्ये गेला. मला लष्करी गणवेशात पुरू नका, असं सांगून.

सर्व्हर पडला की मी आधी विचारायचो, 'कोणी केलं?' आता विचारतो, 'त्याला इथे बसवलं कोणी?'