इंजिन बांधताना

आमच्या नायगावच्या घरासमोर कडुनिंबाखाली एक पांढरी मारुती पाच वर्षे उभी होती. अब्बांनी ती १९९५ साली जुनीच घेतली होती, गाडी १९८५ची. नांदेडचा दवाखाना, देगलूरचे पाहुणे, बहिणीची पाठवणी, सगळे तिच्यातूनच झाले. अब्बा गेले आणि गाडीही थांबली. भंगारवाला वजनावर भाव सांगून गेला, तेव्हा अम्मी एवढेच म्हणाली, "एकदा सुरू करून तर बघा."

मी कविता लिहिणारा, बी. ए. झालेला माणूस. पान्याशी माझा कधी संबंध आला नाही. पण त्या एका वाक्यापायी आठ महिने एका इंजिनामागे हिंडलो. त्यात जे कळले, ते आज सांगतो.

मारुतीला आपण देशी गाडी समजतो. मुळात ती जपानी. मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार १९८२ साली झाला. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या ग्राहकाला किल्ली मिळाली. सुरुवातीच्या गाड्या जपानहून आलेले सुटे भाग गुडगावला जोडून तयार होत. १९८६ मध्ये तिचे रूप बदलले. आमची गाडी त्याआधीची.

कायद्याने मात्र ती अजून 'व्हिंटेज' नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे व्हावी लागतात. तोवर इतर जुन्या गाड्यांसारखी दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी वाढवून घ्यायची. तपासणीत इंजिन नंबर कागदाशी जुळावा लागतो आणि हा नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो. दुसरे इंजिन बसवता येते, पण त्याची नोंद करून घ्यावी लागते. शिवाय मग अब्बांच्या गाडीतले अब्बांचे राहिले काय? म्हणून ठरवले, ब्लॉक वाचवायचा.

इंजिन लहानसेच आहे. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. प्रत्येक सिलिंडरचा व्यास ६८.५ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७२ मिलिमीटर. अब्बांच्या शेवटच्या दिवसांत एका गॅरेजने मोजमाप न करताच जुन्या सिलिंडरमध्ये नव्या रिंगा टाकल्या होत्या. महिनाभरात निळा धूर सुरू झाला. असे का झाले, ते मला आता समजले. पिस्टन नुसता वर-खाली जात नाही. कनेक्टिंग रॉड तिरका होताना तो पिस्टनला भिंतीवर दाबतो. वर्षानुवर्षे एकाच बाजूने घासून गोल सिलिंडर लंबगोल होतो. अशा भोकात गोल रिंग बसवली की फट राहणारच. तिथून तेल वर चढते आणि जळते.

नांदेडच्या आमच्या उस्तादांचा पहिला नियम होता, "पहले नापो, फिर बोलो." त्यांनी डायल गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, शिवाय आडवा-उभा मोजला. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज बोअर करायचे ठरले. त्यातही क्रम असतो. आधी पिस्टन आणायचे, ते मोजायचे आणि मग त्यांच्या मापाने बोअर करायचा. कारण पिस्टन आणि भिंत यांच्यात ठेवायची जागा मिलिमीटरच्या काही शतांशांचीच असते. ती कमी पडली तर पिस्टन अडकतो, जास्त झाली तर खडखडतो.

आता सुटे भाग. मला वाटले होते, चाळीस वर्षांपूर्वीच्या गाडीचे काही मिळणार नाही. पण पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, टायमिंग बेल्ट, बहुतेक सगळे नांदेडातच मिळाले. याचे कारण ओम्नी. याच घराण्याचे ७९६ सीसीचे इंजिन घेऊन ती २०१९ पर्यंत बनत राहिली. शाळेची मुले, भाजीपाला, रुग्ण, सगळे तिने वाहिले. बारीकसारीक बदल होत गेले, म्हणून जुना भाग सोबत नेऊन जुळवून घ्यावा लागतो, एवढेच. हौशी श्रीमंतांच्या दुर्मिळ गाड्यांना हे भाग्य नाही. शब्दांचेही असेच असते. जो रोजच्या तोंडी राहतो, तो टिकतो.

अडले ते कार्ब्युरेटरपाशी. हैदराबादच्या रानीगंजात दोन दिवस फिरलो, शेवटी मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या बाजारात एक सापडला. एकदा फसलोही. एका दुकानातून आणलेल्या बेअरिंगचा डबा झकास होता, आतले माप चुकीचे. उस्तादांनी मोजले म्हणून क्रँक वाचला.

कारागीर इंजिन 'बांधणे' म्हणतात. घर बांधतात, मोट बांधतात, तसे इंजिन. आधी सगळे धुऊन तेलाची प्रत्येक वाट मोकळी करायची. बेअरिंगची एकेक टोपी आवळली की क्रँक हाताने फिरवून पाहायचा. जड लागला तर तिथेच थांबायचे. पिस्टनवरच्या रिंगांची तोंडे एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाहीतर गॅसला सरळ वाट मिळते. हेडचे बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्याने आवळायचे. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणून बेल्ट चढवताना खुणांना खुणा जुळल्याच पाहिजेत.

एवढे करूनही पहिल्या दिवशी इंजिन नुसते फटफटले. ठिणगीचा क्रम एक, तीन, दोन असा असतो. मी मदतीच्या उत्साहात वायरी एक, दोन, तीन लावल्या होत्या. उस्ताद हसले. म्हणाले, "शायर साहब, मिसरे उलट गए."

वायरी बदलल्या. अम्मी पुढच्या सीटवर बसली. नवे बांधलेले इंजिन सुरुवातीला पळवायचे नसते, म्हणून बैलगाडीच्या बेताने नरसीपर्यंत गेलो आणि परत आलो. अम्मी वाटेत काही बोलली नाही. घरी उतरताना मात्र बॉनेटवर हात ठेवून म्हणाली, "आवाज तोच आहे."