स्वयंपाकघरांतील यंत्रें : किंमत व कस

सुगीचा पैसा हातीं आला म्हणजे घरांत एखादी सोयीची वस्तु घ्यावी असें प्रत्येक कुटुंबास वाटतें, व तें योग्यच आहे. नोकरीनिमित्त मुंबईस राहिलेला मुलगा अथवा भाऊ माटुंग्यासारख्या ठिकाणीं जें यंत्र वापरतो, तेंच गांवच्या घरीं आणण्याची चालहि आतां पडली आहे. परंतु माटुंग्याच्या बिऱ्हाडास जें स्वस्त पडतें तें गांवच्या घरास महाग पडूं शकतें, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत येत नाहीं. म्हणून त्या हिशेबाची रीत आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रत्येक यंत्रास दोन किंमती असतात. एक दुकानांत एकदांच द्यावयाची, व दुसरी बिलाच्या रूपानें महिन्याचे महिन्यास द्यावयाची. दुसरी किंमत ग्राहकास कळावी म्हणून केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्यूरोनें २००६ सालीं ताऱ्यांची चिठ्ठी सुरू केली. फ्रीजच्या चिठ्ठीवर वर्षास किती युनिट वीज लागेल तो आंकडा छापलेला असतो. ताऱ्यांपेक्षां हा आंकडा अधिक महत्त्वाचा. कारण तारे त्याच जातीच्या व आकाराच्या मालाशीं तुलना करून दिलेले असतात. पांच ताऱ्यांचा मोठा फ्रीज तीन ताऱ्यांच्या लहान फ्रीजपेक्षां अधिक वीज खाऊं शकतो. शिवाय कसोटी वेळोवेळीं कडक होत जाते. सबब चिठ्ठीवरील सालहि पाहावें.

आतां एक उदाहरण घेऊं. समजा, एका फ्रीजला वर्षास २५० युनिट लागतात व दुसऱ्यास १९०. आणि दुसरा ४,००० रुपयांनीं महाग आहे. बचत ६० युनिटांची झाली. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्यानें चढतो, व वाचणारें युनिट बिलाच्या सर्वांत वरच्या टप्प्यांतील असतें. म्हणून बचत त्या दरानें मोजावी, सरासरीनें नव्हे. माटुंग्यास वीज बेस्टची. तेथील बिऱ्हाडाचा वरचा टप्पा दहा रुपयांचा धरला, तर वर्षास ६०० रुपये वांचून जादा किंमत पावणेसात वर्षांच्या आंत वसूल होते. गांवीं महावितरणच्या बिलांत, वापर थोडा असल्यानें, वरचा टप्पा पांच रुपयांचाच धरला तर वर्षास ३०० रुपयेच वाचतात, व वसुलीस तेरा वर्षांहून अधिक काळ लागतो. तितकीं वर्षें यंत्र टिकेल काय, हा प्रश्न तेव्हां विचारलाच पाहिजे. शेतीपंपाचा दर निराळा असतो, तो या हिशेबांत आणूं नये. आणि माल हप्त्यानें घेतल्यास व्याज किंमतींत धरावें.

दुसरी गोष्ट वापराच्या वेळेची. फ्रीज रात्रंदिवस चालू असतो. मिक्सर दिवसांतून पंधरा मिनिटें. ५०० वॉटचा मिक्सर रोज तितका वेळ चालला तर वर्षास सुमारें ४५ युनिट लागतात. त्यांत दहावा हिस्सा वाचला तरी पांचाच्या दरानें वर्षाकांठीं पंचवीस रुपयेहि वाचत नाहींत. येथें विजेचा विचार सोडून भांड्याचें पातें, मोटरची मजबुती व तालुक्याच्या गांवीं दुरुस्तीची सोय हींच पाहावींत. इडली-डोशाचें पीठ वाटणारा वेट ग्राइंडर माटुंग्याच्या दाक्षिणात्य घरांत रोज फिरतो. आपल्याकडे तो सणावारींच फिरणार असेल, तर विजेच्या बचतीसाठीं महागांतला घेण्यांत अर्थ नाहीं.

गॅसच्या शेगडीचें मात्र उलट आहे. भारतीय मानकाप्रमाणें घरगुती शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी लागते. म्हणजे तितकी उष्णता भांड्यास पोंचली पाहिजे. ७४ टक्क्यांची शेगडी घेतली तर तेंच काम सुमारें आठ टक्के कमी गॅसांत होतें. वर्षास १४.२ किलोचे बारा सिलिंडर लागणाऱ्या एकत्र कुटुंबाचा त्यामुळें जवळजवळ एक सिलिंडर वाचतो. ज्या घरीं चूल पेटते व तीनच सिलिंडर लागतात, तेथें बचत पाव सिलिंडराची. शेगडी एकच, परंतु लाभ चौपट कमी.

यंत्र न बदलतांहि बचत होते, याचा धडा माटुंग्यांतच मिळतो. १९३३ सालीं मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून स्थापन झालेली रसायन तंत्रज्ञान संस्था तेथें आहे. तेथील डॉ. ज्येष्ठराज जोशी, डॉ. अनिरुद्ध पंडित व सहकाऱ्यांनीं अन्न शिजविण्याच्या साधनांचा शास्त्रीय अभ्यास करून तो २०१२ सालीं प्रसिद्ध केला. उघड्या भांड्यांतून उष्णतेचा मोठा भाग हवेंत जातो. भांडीं बंद आवरणांत ठेवून मंद आंचेवर शिजविल्यास इंधन पुष्कळच कमी लागतें. पाण्यास एकदां उकळी आली म्हणजे आंच वाढवून अन्न लवकर शिजत नाहीं, पाणी मात्र आटतें. झांकण, प्रेशर कुकर व आधीं भिजविलेली डाळ यांस ताऱ्यांची गरज नाहीं.

यावरून खरेदीपूर्वीं चार आंकडे कागदावर मांडावेत : यंत्र रोज किती वेळ चालणार, वर्षास किती युनिट अथवा गॅस वाचणार, आपल्या बिलाच्या वरच्या टप्प्याचा दर काय, आणि जादा किंमत किती वर्षांत फिटणार. गांवीं विजेचा दाब कमीजास्त होत असल्यास तो यंत्रास सोसेल काय, हेंहि दुकानदारास विचारावें. हा हिशेब घरांतील बायकांसमवेत बसून करावा. कारण यंत्र किती वेळ चालतें हें त्यांसच नेमकें ठाऊक असतें.