फिन्निश भाषेचे परभाषा म्हणून अध्ययन

फिन्निश ही स्वीडिशसह फिनलंडची राष्ट्रभाषा असून ती उरालिक भाषाकुळातील आहे. इंग्रजी, रशियन, मराठी इत्यादी भाषा इंडो-युरोपीय कुळातील असल्याने त्यांच्या भाषकांना फिन्निशचा मूळ शब्दसंग्रह बहुतांशी नव्यानेच आत्मसात करावा लागतो.

फिन्निशमध्ये १५ विभक्ती मानल्या जातात. 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' म्हणजे घरात, तर 'तालोस्ता' म्हणजे घरातून. प्रत्यय लागताना मूळ शब्दही बदलू शकतो, उदा. 'कातु' (रस्ता), 'कादुन' (रस्त्याचा). मराठीतील सामान्यरूपाशी परिचित असलेल्यांना ही कल्पना सर्वस्वी अपरिचित नसते. उच्चारात ऱ्हस्व-दीर्घ व द्वित्व यांनी अर्थ पालटतो : 'तुलि' (आग), 'तूलि' (वारा), 'तुल्लि' (सीमाशुल्क).

काही बाबी मात्र सुलभ आहेत. या भाषेत व्याकरणिक लिंग नाही. 'तो' व 'ती' या दोहोंसाठी 'हॅन' हे एकच सर्वनाम आहे. लेखनही बव्हंशी उच्चारानुसारी आहे.

प्रमाणभाषा व बोलभाषा यांतील अंतर ही आणखी एक मोठी अडचण होय. पाठ्यपुस्तकातील 'मिनॅ ओलेन' (मी आहे) दैनंदिन संभाषणात अनेकदा 'मॅ ओऽन' असे ऐकू येते. त्यामुळे परीक्षा उत्तीर्ण झालेल्यासही शेजाऱ्याचे बोलणे उमगेलच असे नाही. स्थलांतरितांसाठी हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे फिन्निश किंवा स्वीडिशचे समाधानकारक ज्ञान सिद्ध करावे लागते. राष्ट्रीय भाषा परीक्षेच्या ६ स्तरांपैकी तिसरा स्तर त्यासाठी ग्राह्य धरला जातो.