पीसीला नेमका किती वॉटचा एसएमपीएस लागतो? बॉक्सवरचा आकडा बघण्याआधी हा हिशोब करा

पीसी असेंबल करायचं ठरलं की प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणतं यावर महिनाभर चर्चा होते. यूट्यूबवरचे रिव्ह्यू बघून होतात, मित्रांच्या ग्रुपवर भांडणं होतात. बजेट संपत आलं की यादीच्या तळाला उरतो तो पॉवर सप्लाय, म्हणजे आपल्याकडे सगळे ज्याला एसएमपीएस म्हणतात तो. मग दुकानदार विचारतो, "कॅबिनेटसोबत ४५० वॉटचा येतोय, तोच टाकून देऊ?" आणि तोच टाकला जातो.

पुढे ब्राउझर चालतो, सिनेमे चालतात, सगळं मस्त. पण जड गेम सुरू केला की दहा मिनिटांत स्क्रीन काळी आणि पीसी रीस्टार्ट! लोक विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलून बघतात. त्या डब्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही.

घरच्या सॉकेटमधून २३० व्होल्टची एसी वीज येते. पीसीच्या भागांना लागते डीसी, तीही १२, ५ आणि ३.३ व्होल्टची. हे रूपांतर एसएमपीएस करतो. त्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन सगळ्यात खादाड भाग मुख्यतः १२ व्होल्टच्या लाइनवर चालतात. त्यामुळे खरा हिशोब या दोघांचा.

रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० कार्ड असलेला पीसी घेऊ. प्रोसेसरचा टीडीपी ६५ वॉट सांगितला जातो, पण फुल लोडवर तो ८८ वॉटपर्यंत जाऊ शकतो. कार्डचे ११५ वॉट. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ६०-७० धरा. बेरीज झाली साधारण २७०. आता या बेरजेवर ३० टक्के वाढवा, कारण ग्राफिक्स कार्ड अगदी काही मिलिसेकंदांसाठी ठरलेल्या वॉटेजच्या वर उसळी मारतं. शिवाय कार्डच्या कंपनीने किती वॉटचा सप्लाय सुचवलाय तेही बघा आणि दोन्हींपैकी मोठा आकडा धरा. इथे आपला आकडा येतो ३५०, एनव्हिडिया सांगते ५५०. म्हणजे ५५० घ्या, विषय संपला.

दुसरं टोक म्हणजे कोअर आय९ १४९००के आणि आरटीएक्स ४०९०. प्रोसेसर २५३ वॉटपर्यंत, कार्ड ४५० वॉट. बाकीचं धरून ७८० च्या आसपास. कार्डसाठी कंपनी किमान ८५० सांगते, पण आपल्या हिशोबाने १००० चा लागतो. असं मोठं कार्ड घेणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला सप्लाय बघा. २०२२ साली इंटेलने आणलेल्या या ३.० मानकात क्षणभराची उसळी सप्लायच्या रेटिंगच्या दुपटीपर्यंत झेलण्याची सोय आहे.

मग पहिल्या पीसीला २७० च लागत होते, तर ४५० चा डबा कमी का पडला?

उत्तर डब्याच्या बाजूला चिकटवलेल्या स्टिकरवर असतं. तिथे १२ व्होल्टसमोर अँपिअरचा आकडा दिलेला असतो, त्याला १२ ने गुणायचं. समजा तिथे १५ अँपिअर असतील, तर झाले १८० वॉट. प्रोसेसर आणि कार्ड मिळूनच २०३ मागतायत! नाव ४५० चं, पण जिथे भूक आहे तिथे १८० च वाढलेत. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या खात्यात, जिथे आजच्या पीसीला फारसं काही लागतच नाही. चांगल्या ५५० वॉटच्या सप्लायवर याच जागी ४५ अँपिअरच्या आसपास दिसतात, म्हणजे ५४० वॉट. दुकानात मोबाईलवर हा एवढा गुणाकार नक्की करा.

एक भीती अशी असते की मोठा एसएमपीएस लावला की बिल वाढेल. तसं होत नाही. पीसीला २७० लागत असतील तर ७५० चा सप्लायही २७० च देतो. फरक पडतो तो एफिशिअन्सीने. ८० प्लसच्या ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडवर ब्राँझला ८५ टक्के आणि गोल्डला ९० टक्के गाठावे लागतात. आपल्या पीसीसाठी हा फरक भिंतीपाशी १८ वॉटचा. रोज ४ तास गेम खेळलात तरी महिन्याला जेमतेम २ युनिट. त्यामुळे केवळ बिलासाठी गोल्डच्या मागे लागू नका. हा बिल्ला फक्त एफिशिअन्सी सांगतो. शॉर्टसर्किट किंवा जास्त व्होल्टेज झालं तर सप्लाय वेळेत बंद होईल का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी त्या मॉडेलचा सविस्तर रिव्ह्यू आणि वॉरंटी किती वर्षांची आहे ते बघावं लागतं, कारण खराब सप्लाय जाताना मदरबोर्ड किंवा हार्ड डिस्कही घेऊन जाऊ शकतो.

लाइट जाण्याचा त्रास असलेल्या गावात यूपीएसही लागतो. तो एसएमपीएसच्या रेटिंगवरून घ्यायचा नाही, पीसी भिंतीतून किती ओढतो त्यावरून घ्यायचा. आपल्या उदाहरणातल्या पीसीचे ३०० ते ३२० वॉट आणि मॉनिटरचे २५-३०. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, म्हणजे अगदी काठावर. इथे १००० व्हीएचा घेतलेला बरा.